दिनविशेष : २१ ऑक्टोबर १८५८ – बाबुराव शेडमाके यांना फाशी

चांद्याच्या तुरुंगात आजच्या दिवशी मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव पुलेसूर शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. नागपूरचे राज्य खालसा होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. इंग्रजांविरुद्ध उठायला कवायती पलटण बाबुरावांजवळ नव्हती. गोंड आणि रोहिले जमवून त्यांनी स्वतःच फौज उभारली. लोक तिला ‘जंगोम दल’ म्हणून ओळखतात. मार्च १८५८ मध्ये या फौजेने राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले आणि बंडाने जोर धरला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी फौज धाडली, पण बंडवाले लढायचे आणि पुन्हा डोंगर-जंगलात पसार व्हायचे.

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर छापा पडला. छावणीतले गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, तिसरा पीटर कसाबसा निसटला. निशाणा अचूक होता म्हणायचा. तार बंद तर सरकार बहिरे!

समोरासमोर जमेना, तेव्हा क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. त्यांच्या माणसांनी सप्टेंबरात बाबुरावांना पकडून दिले. व्यंकटराव बस्तरात निसटले, पण १८६० साली तेही सापडले; त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या जप्त मुलखातली ६७ गावे बक्षीस म्हणून अहेरीकडे गेली.

२००९ मध्ये टपाल खात्याने बाबुरावांचे तिकीट काढले.