तपासणारा कोण?

अकोला ते अकोट हा आपल्याकडचा जुना मीटरगेज मार्ग. त्याचे ब्रॉडगेज झाले आणि २०२२ साली त्यावरून प्रवासी गाडी पुन्हा धावू लागली. रूळ टाकून झाले म्हणजे लगेच माणसे नेता येतात असे मात्र नाही. आधी रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, ट्रॉलीवर बसून मार्ग पाहतात, पूल, वळणे, फाटके तपासतात, वेगाची चाचणी घेतात. त्यांनी मंजुरी दिल्याशिवाय प्रवासी गाडी सोडता येत नाही. गाडीला मोठा अपघात होऊन प्रवासी दगावले तर त्याची चौकशी करणारेही तेच. "ज्यांना काही माहिती असेल त्यांनी येऊन सांगावे" अशी त्यांची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत आपण कधीतरी वाचलेली असते.

वर्गात हे सांगत असताना हे आयुक्त केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, असे मी बोलून गेलो. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, साहेब रेल्वेचा अन् खातं इमानाचं, हे कसं काय जी?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

वऱ्हाडात रेल्वे आणली ती जी.आय.पी. या खासगी कंपनीने. भुसावळहून निघून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत तिचे रूळ १८६७ साली नागपूरला पोचले. ओढ होती इथल्या कापसाची. कंपनी खासगी आणि तिच्या कामावर नजर ठेवणारा अभियंता सरकारी, अशी तेव्हाची व्यवस्था होती. काम करणारा एक, तपासणारा दुसरा. पुढे १९०५ साली रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि तपासणीचे अधिकार त्याच्याकडे गेले. १९२५ साली ईस्ट इंडियन आणि जी.आय.पी. या दोन मोठ्या रेल्वे सरकारने स्वतः चालवायला घेतल्या. आता गाड्या चालवणारे बोर्ड आणि चुका शोधणारे निरीक्षकही त्याच बोर्डाचे. आपणच पेपर लिहायचा, आपणच तपासायचा, असा हा प्रकार झाला. तो बदलायला एक भीषण अपघात व्हावा लागला.

१७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये पाटण्याजवळच्या बिहटा स्थानकानजीक पंजाब-हावडा एक्सप्रेस रुळांवरून घसरली. शंभराहून अधिक माणसे मेली. गाडीला एक्स-बी जातीचे इंजिन होते. भारतातल्या हलक्या प्रतीच्या कोळशावर चालावीत म्हणून ही 'पॅसिफिक' इंजिने मुद्दाम बनवून घेतली होती. वेगात ती डावी-उजवीकडे हेलकावतात, ही तक्रार बिहट्याच्या आधीपासून होती.

हे हेलकावणे काय असते ते वर्गात सहज दाखवता येते. चहाचे दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा. मध्ये जाड आणि टोकांना बारीक असा जोड तयार होईल. दोन लांब पट्ट्या रुळांसारख्या समांतर ठेवून त्यांना थोडा उतार द्या आणि जोड सोडा. तो नागमोडी डुलत जाईल, पण पडणार नाही. आता दुसरे दोन पेले बुडाला बूड लावून चिकटवा. हा जोड लगेच घसरून पडेल. आगगाडीची चाके पहिल्या जोडासारखी, म्हणजे आतल्या बाजूला किंचित मोठ्या व्यासाची असतात. जोडी उजवीकडे सरकली की उजवे चाक मोठ्या व्यासावर टेकते, एका फेरीत जास्त अंतर कापते आणि जोडी डावीकडे वळते. मग डावीकडे जरा जास्तच जाते, पुन्हा उजवीकडे येते. गाडीला रुळावर ठेवणारी युक्ती हीच, आणि हेलकावे देणारीही हीच. वेग वाढला की हेलकावे जलद होतात. ते आवरणारी रचना इंजिनात कमकुवत असेल, तर ते रुळांना दोन्ही बाजूंनी हिसके देऊ लागते. खालचा भराव पावसाने मऊ झालेला असला तर रूळच वाकडे होतात. (आपल्या काळ्या मातीवर रेल्वेचा भराव घालणे किती कटकटीचे असते, हे बडनेऱ्याच्या कोणत्याही जुन्या गँगमनला विचारावे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.)

बिहट्याची चौकशी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन थॉम यांच्याकडे देण्यात आली. त्यांनी दोष इंजिनाकडे आणि त्याने वाकवलेल्या रुळांकडे दाखवला. मग या इंजिनांच्या अभ्यासासाठी ब्रिटनचे मुख्य रेल्वे निरीक्षक कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली 'पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी' नेमली गेली. विख्यात इंजिन-रचनाकार विल्यम स्टॅनियर तिचे सदस्य होते. समितीचे काम तांत्रिक, पण १९३९ च्या अहवालात तिने एक प्रशासकीय गोष्टही नोंदवली: निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या हाताखाली असणे योग्य नाही, त्यांना वेगळे करावे. ही कल्पना १९३५ च्या कायद्यातही होती, पण कागदावरच राहिली होती. १९४० साली केंद्रीय विधिमंडळाने तिला दुजोरा दिला आणि मे १९४१ मध्ये निरीक्षक बोर्डापासून वेगळे झाले.

त्यांना ठेवायचे कुठे? रेल्वे नसलेले कोणतेही खाते चालले असते. टपाल आणि हवाई वाहतूक मिळून एक खाते होते, त्यात त्यांची सोय लागली. १९६१ साली 'रेल्वे सुरक्षा आयोग' हे नाव मिळाले, १९६७ साली तो पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आला. मुख्यालय लखनौला. 'इमानाच्या खात्या'चे कोडे सुटते ते इथे.

खुद्द विमानांच्या बाबतीत मात्र ही वाटणी फार उशिरा झाली. २६ एप्रिल १९९३ ची औरंगाबादची घटना अनेकांना आठवत असेल. इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग भर दुपारी मुंबईसाठी उडाले. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर एक ट्रक होता, कापसाच्या दाबलेल्या गाठींनी उंच भरलेला. असे ट्रक आपण अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगबाहेर रोज पाहतो. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला. पुढे ते उच्चदाबाच्या तारांना धडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणे निघाली. वैमानिकाने विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले हे एक. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची रहदारी रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले हे दुसरे. पहिल्यावरच थांबले असते तर बीड रस्त्यावरून गाठींचे ट्रक तसेच जात राहिले असते.

दुसऱ्या कारणात एक सरकारी संस्थाच सापडते. तपासणारा तिच्यापासून दूर असावा लागतो तो यासाठी. विमानांचे नियम करणारे महासंचालनालय आणि अपघात तपासणारे लोक वेगळे झाले ते २०१२ च्या नियमांनी, 'विमान अपघात तपास ब्यूरो' स्थापन करून. रेल्वेनंतर ७१ वर्षांनी. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघाताचा तपास याच ब्यूरोकडे आला. मात्र महासंचालनालय आणि ब्यूरो अजूनही एकाच मंत्रालयात आहेत.

हे ऐकून तोच मुलगा म्हणाला, "मंग सर, इमानाची तपासणी रेल्वे खात्याकडं द्या की!" वर्ग हसला. मीही हसलो, पण त्याला खोडून काढावे असे काही मला सुचले नाही.

एक गोष्ट त्याला सांगायची राहिली, ती पुढच्या तासाला सांगेन. रेल्वे सुरक्षा आयुक्त स्वतंत्र असले तरी अपघाताच्या अहवालातल्या त्यांच्या शिफारशी सल्लावजा असतात. त्या मानायच्या की नाही, हे आजही रेल्वे बोर्डच ठरवते.