फायरवॉल व पोर्ट फॉरवर्डिंग

संगणकजाल व इंटरनेट यांच्या सीमेवर राहून ये-जा करणारी माहिती ठराविक नियमांनुसार सोडणारी वा अडविणारी यंत्रणा म्हणजे फायरवॉल. बाहेरून आलेली विशिष्ट मागणी या सीमेतून आतील नेमक्या संगणकाकडे पोहोचविण्याच्या योजनेस पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. एकाच संगणकावरील निरनिराळ्या सेवा ओळखण्यासाठी वापरला जाणारा क्रमांक म्हणजे पोर्ट. तो ० ते ६५,५३५ या मर्यादेत असतो. ई-मेलच्या देवघेवीसाठी २५, तर संकेतस्थळांसाठी ८० व ४४३ हे क्रमांक रूढ आहेत.

१९८१ मध्ये निश्चित झालेल्या इंटरनेट संकेतप्रणालीत पत्ते ३२ बिटांचे असल्याने त्यांची संख्या सु. ४२९ कोटींपलीकडे जात नाही. ती अपुरी पडणार हे लक्षात आल्यावर १९९४ मध्ये के. एगेव्हँग व पी. फ्रान्सिस यांनी पत्ता-रूपांतराची पद्धती मांडली. पुढे तिला पोर्ट क्रमांकांची जोड मिळून अनेक संगणक एकाच सार्वजनिक पत्त्याआड राहू लागले. आतून गेलेल्या मागणीचे उत्तर राउटर योग्य ठिकाणी पोहोचवितो. बाहेरून प्रथमच आलेली मागणी कोणाकडे द्यावी, हे मात्र त्यास सांगावे लागते. पोर्ट फॉरवर्डिंगची गरज यातून निर्माण झाली. फायरवॉलच्या विकासास नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्मच्या प्रादुर्भावाने चालना मिळाली होती.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. खुल्या ठेवलेल्या सेवांतील धोका तीनच वर्षांत मुंबईत प्रत्ययास आला. मे १९९८ मधील पोखरण येथील अणुचाचण्यांनंतर, जूनमध्ये मानखुर्दलगतच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत परदेशी किशोरवयीनांच्या एका गटाने शिरकाव केला. त्यांनी संकेतस्थळाचे पृष्ठ बदलले व काही ई-मेल पळविले. ई-मेल हाताळणाऱ्या आज्ञावलीतील दोषाचा त्यांनी लाभ घेतल्याचे तत्कालीन वृत्तांत म्हटले होते. बाहेरून येणारी टपाल स्वीकारावयाची, तर त्या सेवेचे पोर्ट उघडे ठेवावेच लागते. त्यामागील आज्ञावली सदोष असल्यास परवानगीचा मार्गच घुसखोरीचा मार्ग ठरतो. म्हणून फायरवॉल ही अशा आज्ञावलीच्या दुरुस्तीस पर्याय ठरत नाही.

पोर्ट फॉरवर्डिंग चालत नसल्यास तपासणी आतून बाहेर करीत जाणे सोयीचे असते. संबंधित सेवा आतील संगणकावर प्रत्यक्ष सुरू आहे काय, त्या संगणकाची स्वतःची फायरवॉल तिला अडविते काय, त्याचा अंतर्गत पत्ता बदलला आहे काय आणि नियमात टीसीपी वा यूडीपी यांपैकी योग्य प्रकार निवडला आहे काय, हे क्रमाने पाहतात. अनेक राउटर आतूनच सार्वजनिक पत्त्यावर केलेली मागणी परत आत वळवीत नाहीत. म्हणून अखेरची चाचणी बाहेरच्या जोडणीवरून घेतात.

हे सर्व बिनचूक असूनही मार्ग बंद राहिल्यास दोष घराबाहेर असू शकतो. एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिक विभागातील पत्त्यांचा मुक्त साठा संपुष्टात आल्यावर सेवापुरवठादारांनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवण्याची पद्धत वाढविली. अशा वाटपासाठी १००·६४ ते १००·१२७ ने सुरू होणारे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले. राउटरच्या बाह्य बाजूस असा पत्ता आढळल्यास घरातील नियम निरुपयोगी ठरतो व पुरवठादाराकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो.

१२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यांमुळे ही टंचाई दूर होते. तथापि कोणास आत येऊ द्यावे हा निर्णय त्याही व्यवस्थेत फायरवॉलकडेच राहतो. त्यामुळे काम संपताच अनावश्यक पोर्ट बंद करणे इष्ट असते.