पुढच्या दाताची कुळकथा

पुढच्या दाताला कॅप बसवायची ठरली की दात तासायच्या आधी रंग जुळवायचा असतो. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेत असो की जर्मनीत, रीत एकच. रुग्णाला खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसवतात आणि एका पट्टीवर ओळीने लावलेले छोटे नमुन्याचे दात त्याच्या खऱ्या दाताशेजारी धरून बघतात. हे झटपट उरकावं लागतं, कारण तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो आहे त्याहून फिकट दिसू लागतो आणि रंग चुकतो. सगळ्यात जास्त चालणारी पट्टी जर्मनीच्या व्हिटा कंपनीची. ती १९५६ साली आली आणि तिच्यात १६ छटा आहेत. ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळी, सी करडी, डी तांबूस-करडी. यात पांढराशुभ्र असा एकही दात नाही.

पांढरा दात घडवणं माणसाला पहिल्यापासून जमत होतं. हस्तिदंत पांढरा, हाड पांढरं, चिनीमातीही पांढरी. अडचण होती उजेडाची. खऱ्या दाताच्या इनॅमलमधून उजेड आत शिरतो, आतल्या पिवळसर डेंटिनवर विखुरतो आणि बाहेर येतो, म्हणून दात जिवंत वाटतो. तोंडातल्या ओलाव्यात, चावण्याच्या दाबाखाली, वर्षानुवर्षं टिकेल असा पदार्थ हवा आणि त्यातून उजेडही जायला हवा. या दोन मागण्यांची सांगड घालण्यात अडीचशे वर्षं गेली.

दात पांढराच हवा, ही ओढही आपल्याकडे फार जुनी नाही. जुन्या महाराष्ट्रात सवाष्ण बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करत आणि ते शोभेचं मानलं जाई. पुढच्या दातावर सोन्याचा पत्रा चढवणं हे ऐपतीचं लक्षण होतं. आणि वर्धा जिल्ह्यातलं जगाला सगळ्यात ओळखीचं हसू तर बोळक्या तोंडाचं आहे. १९३६ साली गांधीजी जिल्ह्यातल्या सेगावला राहायला आले तेव्हा त्यांचे बरेच दात गेलेले होते. त्यांच्याकडे कवळी होती, पण छायाचित्रांत ते बहुतेक वेळा तिच्याशिवाय मोकळं हसताना दिसतात. सत्तरीच्या महात्म्याला ते शोभलं. पण याच जिल्ह्यातली विशीतली मुलगी समोरचा दात काळा पडला म्हणून बोलताना तोंडापुढे हात धरते, तेव्हा तिला ‘दिसण्यात काय आहे’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं.

चिनीमातीच्या दाताची सुरुवात एका औषधविक्याच्या वैतागातून झाली. पॅरिसजवळ सेंट-जर्मेन-आं-ले या गावी आलेक्सी द्युशातो नावाचा औषधं बनवणारा माणूस होता. त्याच्या तोंडात पाणघोड्याच्या दातातून कोरलेली कवळी होती. औषधं चाखून चाखून ती डागाळली आणि तिला दुर्गंधी येऊ लागली. दुकानातल्या चिनीमातीच्या भांड्यांना मात्र ना डाग पडत, ना वास येई. १७७४ च्या सुमारास त्याने चिनीमातीच्या कारखान्यात जाऊन आपली कवळी त्याच मातीत घडवून पाहिली. पहिले प्रयत्न फसले, कारण माती भट्टीत आकसली आणि कवळी हिरडीवर बसेना. कुंभारकाम जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मातीच्या भांड्याला आकसणं चालून जातं, पण दाताच्या मापात केसभराचा फरकही चालत नाही. दंत-पोर्सेलिन, म्हणजे दातांसाठीची चिनीमाती, भाजताना तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आकसतं, आणि हे आकसणं हिशेबात धरून दात मोठा रचणं हे प्रयोगशाळेतल्या कारागिराचं कौशल्य आजही आहे.

द्युशातोचा मदतनीस म्हणजे निकोला दुब्वा द शेमाँ हा दंतवैद्य. त्याने मिश्रण सुधारलं, राजाकडून पेटंट मिळवलं आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लंडन गाठलं. तिथे त्याला वेजवुडच्या प्रसिद्ध कारखान्यातून माती मिळू लागली. हे दात कुजत नव्हते, हीच त्यांची थोरवी. दिसायला ते भांड्यासारखेच होते. १८०८ साली ज्युसेपांजेलो फोंझी या इटालियन दंतवैद्याने पॅरिसमध्ये अख्ख्या कवळीऐवजी एकेक सुटा दात भाजला आणि त्यात प्लॅटिनमची तार रोवली. मग ही विद्या फिलाडेल्फियाला पोचली. तिथे १८३८ साली एलायस वाइल्डमनने थोडा उजेड आत घेणारं पोर्सेलिन बनवलं. मातीचं प्रमाण घटलं आणि फेल्डस्पार या खनिजाचं वाढलं. खरं तर तेव्हापासून दंत-पोर्सेलिन हे मातीपेक्षा काचेच्या जास्त जवळचं झालं.

इथवर सगळे दात कवळीचे, म्हणजे दात पडून गेल्यानंतरचे. स्वतःचा दात शाबूत ठेवून त्यावर पोर्सेलिनचा अंगरखा चढवण्याची कल्पना डेट्रॉइटच्या चार्ल्स हेन्री लँडची. तो १८४७ साली कॅनडात जन्मला. मला या सगळ्या कुळात हाच माणूस सगळ्यात मोठा वाटतो, कारण त्याने प्रश्नच बदलला. त्याची युक्ती अशी: दात चहूबाजूंनी तासायचा, त्याच्या प्रतिकृतीवर प्लॅटिनमचा अतिपातळ पत्रा दाबून हुबेहूब बसवायचा, त्यावर पोर्सेलिनची ओली भुकटी थरांनी रचायची आणि भट्टीत घालायची. प्लॅटिनम त्या आचेत वितळत नाही. दात भाजून झाला की पत्रा आतून सोलून काढायचा. उरतं ते पोकळ, पातळ, त्या एकाच दाताच्या मापाचं टोपण. १८८० च्या दशकात त्याने पेटंट घ्यायला सुरुवात केली आणि १९०३ साली ही पद्धत व्यवसायबंधूंपुढे सविस्तर मांडली. याच सुमारास विजेच्या भट्ट्या आल्या, आच हातात राहू लागली आणि लँडची कल्पना व्यवहारात उतरली. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा त्याच्या मुलीचा मुलगा. लहानपणी तो आजोबांच्या प्रयोगशाळेत रमत असे.

लँडची कॅप सुंदर होती, पण ठिसूळ होती. पोर्सेलिनवर नुसता दाब आला तर ते पुष्कळ सोसतं. ताण किंवा वाक आला की आतली सूक्ष्म चीर पसरत जाते आणि कॅप फुटते. पुढचे दात तर तोडण्यासाठीच आहेत. भुईमुगाची शेंग फोडा, ऊस सोला, दोरा तोडा, सगळा वाक त्यांच्यावरच.

मग आधाराला धातू आला. धातूची टोपी करायची, वर पोर्सेलिन भाजायचं. ऐकायला सोपं, पण सोन्याचा मिश्रधातू तापल्यावर साध्या दंत-पोर्सेलिनच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. भट्टीतून काढून थंड होताना दोघे वेगवेगळे आकसतात आणि पोर्सेलिन तडकतं. १९६२ साली अमेरिकेत वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर पेटंट केलं. पोटॅशयुक्त फेल्डस्पार ठरावीक रीतीने तापवला की त्यात ल्यूसाइट नावाचे स्फटिक तयार होतात, आणि ल्यूसाइटचं प्रसरण जास्त असतं. त्याचं प्रमाण साधून पोर्सेलिनचं प्रसरण धातूपेक्षा किंचितच कमी राखलं. थंड होताना धातू पोर्सेलिनला हलकेच आवळून धरतो, आणि दाबाखाली पोर्सेलिन मजबूत असतंच. ही कॅप जगभर पसरली. आपल्याकडे ‘सिरॅमिक कॅप’ म्हणून वर्षानुवर्षं जी बसवली गेली ती बहुतेक हीच, आतून धातूची.

दाढेला ती उत्तम. पुढच्या दाताला मात्र तिने फसवलं. आतला काळसर धातू दिसू नये म्हणून त्यावर आधी अपारदर्शक थर द्यावा लागतो. तिथेच उजेड अडतो आणि दात सपाट, मेलेला दिसतो. काही वर्षांनी हिरडी जरा मागे सरकली की कॅपच्या काठाशी करडी-काळी रेघ उघडी पडते. लग्नाच्या फोटोत एकच दात वेगळा का दिसतो, याचं उत्तर पुष्कळदा या रेघेत असतं.

धातू काढून टाकण्याची धडपड म्हणून सुरू झाली. १९६५ साली लंडनमध्ये जॉन मॅक्लीन आणि ह्यूज यांनी पोर्सेलिनमध्ये ॲल्युमिनाचे स्फटिक मिसळून त्याची ताकद जवळपास दुप्पट केली. चीर पसरत गेली की स्फटिकाशी अडते, हे त्यामागचं तत्त्व. पुढचे बरेच प्रकार याच तत्त्वावर उभे आहेत.

त्यातला सगळ्यात देखणा प्रकार मात्र जन्मला होता आधीच, आणि तोही अपघाताने. १९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डॉनल्ड स्टूकी हा शास्त्रज्ञ लिथियमयुक्त काचेचा तुकडा भट्टीत तापवत होता. भट्टी ६०० अंशांऐवजी ९०० अंशांपर्यंत गेली. काच वितळून गेली असेल म्हणून त्याने दार उघडलं, तर तुकडा जसाच्या तसा, फक्त पांढरा झालेला. बाहेर काढताना तो चिमट्यातून निसटून फरशीवर पडला आणि फुटला नाही. काचेच्या पोटात बारीक स्फटिकांचं दाट जाळं तयार झालं होतं. भट्टीत ठेवता येणारी स्वयंपाकाची भांडी या शोधातून आली. दंतवैद्यकात कॉर्निंगची काच-सिरॅमिक १९८४ साली उतरली, आणि लिथियम डायसिलिकेट हा प्रकार लिश्टेनस्टाइनच्या इव्होक्लार कंपनीने १९९८ साली आणला. आज तो साध्या पोर्सेलिनपेक्षा तिप्पट-चौपट वाक सोसतो आणि उजेडही जाऊ देतो. समोरच्या दातासाठी डॉक्टर ‘ई-मॅक्स’ म्हणतात ते हेच. झिर्कोनिया हा आणखी एक प्रकार त्याहूनही कितीतरी मजबूत, पण सुरुवातीचा झिर्कोनिया अगदी अपारदर्शक होता. अलीकडचे प्रकार उजेड आत घेऊ लागले आहेत, आणि त्या बदल्यात थोडी ताकद सोडतात.

उजेडाच्या हट्टापायी एक चूकही झाली. खरा दात अतिनील किरणांत निळसर चमकतो, पोर्सेलिनचा चमकत नाही. ती चमक आणण्यासाठी विसाव्या शतकात बरीच वर्षं दंत-पोर्सेलिनमध्ये युरेनियमची संयुगं अत्यल्प प्रमाणात घातली जात. किरणोत्सर्गाची धास्ती वाढल्यावर ती काढून दुर्मिळ मृदा-धातूंची संयुगं आली. रुग्णाला काय बसवलं याची कल्पनाही नसताना केवळ दिसण्यासाठी हे केलं गेलं, याचा विचार आज या धंद्यातल्या प्रत्येकाने करावा असं मला वाटतं.

आपल्याकडे दात घडवण्याची ही विद्या टप्प्याटप्प्याने आली. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं, नागपूरचं शासकीय १९६८ चं. १९९१ साली सावंगी मेघेला शरद पवार दंत महाविद्यालय सुरू झालं आणि आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या माणसाला समोरच्या दातासाठी नागपूरची वाट धरण्याची गरज उरली नाही. माप घेण्यापासून भट्टीत थर भाजण्यापर्यंतचं काम शिकवणारी शाखा जिल्ह्यातच आली.

आणि इथल्या तोंडांचे प्रश्न इथलेच आहेत. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात ठेल्याठेल्यावर मिळतो. तो दात रंगवतो, झिजवतो, आणि त्यातली सुपारी गालाची आतली कातडी इतकी आवळते की तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा तोंडात कॅपचं माप घेणंच अवघड, आणि तिथे कॅपची चर्चा करण्याआधी कर्करोगाची तपासणी व्हायला हवी. शेजारच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत भूजलातलं फ्लोराइड हा जुना त्रास आहे. समोरच्या कायमच्या दातांचं इनॅमल वयाच्या पहिल्या चार-पाच वर्षांतच घडतं. त्या काळात जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं तर दात पुढे तपकिरी डाग घेऊनच उगवतात. कितीही घासले तरी ते डाग जात नाहीत, कारण ते वर चढलेले नसतात, आत घडलेले असतात. लोक मात्र त्या पोराला दात घासत नाही म्हणून हिणवतात.

अशी मुलं कॅप मागतात, आणि इथेच मला एक सांगायचं आहे. लँडने दात चहूबाजूंनी तासला. शंभर वर्षांनंतरही पूर्ण कॅपसाठी तसाच तासावा लागतो. समोरच्या बाजूने मिलिमीटर-दीड मिलिमीटर, टोकाशी दोनपर्यंत. २००२ साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी वजन करून पाहिलं, तेव्हा पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीवरच्या भागातला ६३ ते ७२ टक्के हिस्सा निघून जातो असं दिसलं. पुढून चिकटवायच्या पातळ सिरॅमिकच्या पापुद्र्यासाठी, म्हणजे व्हिनिअरसाठी, हाच आकडा ३ ते ३० टक्के आहे. हा पापुद्रा शक्य झाला तो चिकटवण्याच्या विद्येमुळे. १९५५ साली मायकेल ब्यूनोकोरने आम्लाने इनॅमल खरखरीत करून त्यावर राळ धरते हे दाखवलं, आणि १९८३ च्या सुमारास सिरॅमिकची आतली बाजूही आम्लाने तशीच खरखरीत करून चिकटवता येऊ लागली.

रूट कॅनल होऊन निम्मा तुटलेला, काळा पडलेला दात असेल तर कॅपसारखा उपाय नाही. मोटारसायकलवरून पडून समोरचा दात अर्धा गेलेल्या मुलाला ती त्याचं हसू परत देते. पण नुसत्या फ्लोराइडच्या डागांसाठी आधी डाग वरवर खरवडून बघता येतात, मग ब्लीचिंग, मग राळेचं भरण, मग व्हिनिअर, आणि यातलं काहीच पुरेसं पडलं नाही तर कॅप. शाबूत इनॅमल एकदा तासलं की शरीर ते पुन्हा घडवत नाही. कॅप काही वर्षांनी बदलावी लागते, आणि दर बदलाला खालचा दात आणखी थोडा कमी होण्याची शक्यता असते. विशीतल्या माणसाने हा हिशेब साठीपर्यंतचा मांडावा, आणि दात तासण्याआधी डॉक्टरला विचारावं की आतून धातू आहे का, माझा किती दात जाणार आहे आणि याहून कमी तासून काम होईल का.