पांढरा फासा

डोळे उघडता तेव्हा अथेन्समध्ये नुकतं उजाडलेलं असतं. इसवी सनपूर्व ३२५च्या सुमाराचं साल. तुमच्या मुठीत लाकडाची पट्टी आहे. तिच्यावर तुमचं नाव, वडिलांचं नाव, वस्तीचं नाव आणि एक अक्षर. तुम्ही तिशी ओलांडलेले पुरुष आहात, नागरिक आहात. बाई किंवा गुलाम म्हणून इथे आला असतात तर पट्टी मिळालीच नसती. अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे गाणारे एवढं मात्र सोयीने गाळतात.

पट्टी उंच फळ्यावरच्या खाचेत बसवली जाते. शेजारच्या नळीतून काळे-पांढरे फासे एकेक करून पडू लागतात. काळा पडला की आडवी ओळच्या ओळ घरी. तुमच्या ओळीला पांढरा! आज तुम्ही न्यायदानाला बसणार, मोबदला तीन ओबोल. कायद्यातलं काय कळतं, असं कुणी विचारत नाही. लाच कुणाला द्यायची हे सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, हे या फाशांचं मोठं काम.

खिशात काहीतरी थरथरतं. फोन! मार्च २०२४, तैवान. १११ क्रमांकावरून मेसेज आलाय: ऑनलाइन फसवणुकीचं काय करावं, तुमचं मत द्याल का? हीसुद्धा फसवणूकच, असं आधी वाटतं. वाटणारच. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग फेसबुकवर गुंतवणुकीचे सल्ले देताना दिसतात आणि तो चेहरा, तो आवाज यंत्राने घडवलेला असतो. पण १११ हा सरकारी क्रमांक. खरा मेसेज ओळखता यावा म्हणूनच तो सुरू झाला. असे दोन लाख मेसेज कुणालाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गेलेत. होकार देणाऱ्यांतून, लोकसंख्येचं प्रमाण सांभाळत, निवडलेल्या साडेचारशेच्या आसपास लोकांत तुम्ही आहात.

२३ मार्च, शनिवार. पडद्यावर दहाएक चेहरे. सूत्रसंचालक माणूस नाही, सॉफ्टवेअर आहे. तेच पाळी देतं, वेळ संपली की थांबवतं, गप्प बसलेल्याला बोलतं करतं. यंत्रांना वेसण कशी घालावी हे ठरवायच्या बैठकीत शिस्त यंत्राची! आपल्याकडच्या जनसुनावण्यांत माइक सोडत नाहीत ती मंडळी आठवून तुम्हाला ही शिस्त बरीच वाटते.

सूचना येऊ लागतात. जाहिरातदाराची ओळख पटेपर्यंत जाहिरातीवर ‘बहुधा फसवणूक’ असा शिक्का मारा. कळवूनही कंपनीने जाहिरात हटवली नाही, तर बुडालेल्या पैशांना तीही जबाबदार. परदेशी कंपनी दादच देत नसेल तर तिची जोडणी दिवसागणिक संथ करा. ही शेवटची कल्पना एखाद्या सचिवाने फाइलवर लिहिली असती का, शंकाच आहे.

त्याच वसंतात ब्रसेल्समध्ये चिठ्ठ्यांनीच निवडलेले ६० बेल्जियन नागरिक कृत्रिम बुद्धिमत्तेवर तीन शनिवार-रविवार खल करतात. त्यांच्या शिफारशी मात्र कुणावरही बंधनकारक नाहीत. तैवानात जुलै २०२४मध्ये फसवणूकविरोधी कायदा संमत होतो. जाहिरातदाराची ओळख तपासणं आणि उघड करणं मोठ्या ऑनलाइन व्यासपीठांना भाग पडतं, कसूर केली तर भरपाईत वाटा.

तैवानच्या त्या बैठकीचा विषय मात्र सरकारी मंत्रालयाने ठरवलेला होता. यंत्रामुळे नोकरी गेलेल्याचं काय, हे तुम्हाला त्या शनिवारी विचारायचं होतं. तो प्रश्न पत्रिकेवर नव्हता.