कार्यालयातील मेसेंजर-बंदी : एका कुलुपाचा इतिहास

जुन्या सरकारी कार्यालयांत काम केलेल्यांना दूरध्वनीच्या तबकडीला लावलेले छोटे कुलूप आठवत असेल. एस.टी.डी.चे दर जबर होते. कर्मचाऱ्यांनी परगावी खाजगी फोन लावू नयेत, हा त्याचा हेतू. पण तबकडी फिरवल्यावर घडते काय, तर जेवढा अंक तेवढ्या वेळा तारेतील प्रवाह क्षणभर खंडित होतो. रिसीव्हर ठेवण्याच्या खटक्यावर बोटाने तितक्याच टिचक्या मारल्या तरी तोच परिणाम साधतो. ही युक्ती शिपायापासून सर्वांना ठाऊक होती. किल्ली मात्र साहेबांच्या खणात सुरक्षित असे.

संगणकयुगात या कुलुपाची पुढची आवृत्ती निघाली, ती म्हणजे मेसेंजर-बंदी. १९९६ मध्ये इस्रायलमधील मिराबिलिस कंपनीने आयसीक्यू आणले. १९९७ मध्ये एओएल, १९९८ मध्ये याहू आणि १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट यांचे मेसेंजर आले. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी याच छोट्या खिडकीतून पुण्या-नागपूरची ख्यालीखुशाली विचारली असेल. साहजिकच ती खिडकी कार्यालयातही उघडू लागली आणि ती बंद करण्याचे काम प्रॉक्सी सर्व्हरकडे आले.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. कार्यालयातील कोणताही संगणक थेट बाहेर जात नाही. तो प्रॉक्सीकडे मागणी नोंदवतो आणि प्रॉक्सी त्याच्या वतीने ती वस्तू आणून देतो. आपल्या आवक-जावक विभागासारखेच हे काम. प्रत्येक कागद तेथून जातो आणि नोंदवहीत चढतो. १९९६ मध्ये आलेली स्क्विड ही विनामूल्य आज्ञावली त्यासाठी जगभर वापरली गेली.

पहिला उपाय सोपा होता. प्रत्येक मेसेंजरचा ठरावीक दरवाजा, म्हणजे पोर्ट असे : एमएसएनचा १८६३, याहूचा ५०५०, एओएलचा ५१९०. ते बंद केले की काम झाले, असे वाटे. पण मेसेंजर बनवणाऱ्यांनी आधीच सोय केली होती. नेहमीचा दरवाजा बंद दिसला की आज्ञावली ८० क्रमांकाच्या, म्हणजे सामान्य संकेतस्थळांच्या दरवाजाने जाई. साध्या टपालाच्या पाकिटात खाजगी चिठ्ठी घालावी तसे. मग प्रॉक्सीवर मेसेंजर-सर्व्हरांच्या पत्त्यांची यादी आली, पाकिटावरील 'प्रकार' तपासण्याचा नियम आला. त्यावर ४४३ क्रमांकाचा मार्ग निघाला. बँकांच्या सुरक्षित व्यवहारांसाठीही तोच लागतो, म्हणून तो बंद करता येत नाही, आणि आतला मजकूर कूटबद्ध असल्याने प्रॉक्सीला वाचताही येत नाही. २००५ मध्ये मीबो आले. त्यात मेसेंजर ब्राउझरच्या पानातच चाले. २००६ मध्ये जीमेलने टपालाच्याच पानावर गप्पांची सोय दिली, तेव्हा टपाल चालू ठेवून गप्पा रोखणे आणखीच अवघड झाले.

बंदीची कारणे खोटी नव्हती. एप्रिल २००५ मध्ये केल्व्हिर नावाच्या विषाणूमुळे रॉयटर्सला आपली संदेशसेवा काही काळ बंद ठेवावी लागली होती. फाईल पाठवण्याच्या सोयीतून विषाणू शिरत, हे खरेच. प्रश्न होता तो उपायाचा.

२००४ मध्ये पूर्व भारतातील एका केंद्रीय कार्यालयात संगणक कक्ष माझ्या अखत्यारीत होता. नव्वदेक संगणक आणि ६४ केबीपीएसची एक लाईन. 'मेसेंजरमुळे इंटरनेट मंदावते' अशी टिप्पणी वरून आली आणि बंदीचे परिपत्रक माझ्या सहीने निघाले. महिन्याभरात ध्यानात आले की, एका दूरच्या उपकार्यालयाचे रोजचे आकडे उशिरा येत आहेत. चौकशीअंती कळले की, तेथील कारकून आणि आमचा सहायक ते आकडे याहू मेसेंजरवरून पडताळून घेत असत, कारण तेथील फॅक्सची लाईन वारंवार बंद पडे. दोन संगणकांना सूट द्यावी, असे मी सुचवले. 'पायंडा पडेल' असा शेरा येऊन फाईल परतली. पुढे आकडे पुन्हा वेळेवर येऊ लागले. आमचा सहायक जेवणाच्या सुट्टीत समोरच्या सायबर कॅफेत जाऊन, पदरचे पैसे भरून, ते घेत होता. जो सरकारी तपशील आमच्या देखरेखीखाली होता, तो आम्हीच सार्वजनिक कॅफेत नेऊन ठेवला होता.

त्यानंतर मी प्रॉक्सीची नोंदवही प्रथमच बारकाईने वाचली. लाईनवरचा मोठा भार गाणी आणि चित्रे उतरवण्याचा होता. मेसेंजरच्या मजकुराचा वाटा नगण्य होता. नोंदवही पहिल्या दिवसापासून माझ्याच कक्षात होती, पण परिपत्रक काढण्यापूर्वी मी ती उघडली नव्हती.

अर्थशास्त्रात आम्ही शिकलो होतो की, बंदीने मागणी नाहीशी होत नाही, ती पर्यायाकडे वळते. तो पर्याय आपल्या नजरेत राहील की नजरेआड जाईल, एवढेच प्रशासकाच्या हाती असते. अमेरिकेत रोखे व्यावसायिकांच्या नियामक संघटनेने, एनएएसडीने, जुलै २००३ मध्ये वेगळी दिशा धरली : मेसेंजर वापरायचा तर वापरा, पण संदेश तीन वर्षे जपून ठेवा. ज्या संवादाची नोंद ठेवता येत नाही, तो करू देऊ नका. तेथेही माणसे पुढे खाजगी फोनकडे वळलीच, आणि डिसेंबर २०२१ मध्ये जे.पी. मॉर्गनच्या रोखे कंपनीला नोंदी न ठेवल्याबद्दल १२.५ कोटी डॉलरचा दंड झाला. पण तेथे गुन्हा ठरला तो नोंद न ठेवण्याचा, संवाद साधण्याचा नव्हे.

आपल्याकडे ही दृष्टी उशिरा आली. २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघाले आणि खिडकी प्रत्येकाच्या खिशात गेली. तेथे कार्यालयाचा प्रॉक्सी पोचत नाही. याहू मेसेंजर २०१८ मध्ये बंद झाला, आयसीक्यू २०२४ मध्ये. आम्ही ज्यांच्याशी लढलो ते सारे गेले. आज मात्र बैठकीची सूचना, आकडेवारी, कधी कधी प्रत्यक्ष आदेशही खाजगी फोनवरच्या गटांतून जातात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेले साहित्यही येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहिती येते. पण अधिकारी बदलून गेला की त्याचा फोन त्याच्याबरोबर जातो, आणि एखादा निर्णय कोणी, कोणत्या कारणाने घेतला, हे विचारणाऱ्या नागरिकाला देण्यासाठी फाईलमध्ये काहीच उरत नाही. एनआयसीने 'संदेस' हे शासकीय ॲप केले, हे योग्यच. पण सवय आधी लागली आणि सोय मागाहून आली.

२००४ मध्येच आम्ही दोन संगणकांवर नोंदीसह मेसेंजर चालू ठेवला असता, तर निदान एका कार्यालयाला योग्य सवय लागली असती. ते परिपत्रक आजही तेथील फाईलमध्ये असेल. ज्या आकड्यांसाठी तो सहायक रोज रस्ता ओलांडत असे, त्या संवादाची नोंद मात्र कोठेही नाही.