शिक्का नसलेली पदवी

आपल्याला शिकवून गेलेल्या जुन्या बाईंपैकी काहींच्या नावापुढे ‘जी. ए.’ अशी अक्षरे असत. ‘गृहीतागमा’ हे त्या पदवीचे पूर्ण नाव. ती देणारे महिला विद्यापीठ, म्हणजे आजचे एसएनडीटी. स्थापनेनंतर पस्तीस वर्षे या विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती. तरीही मुली तिथे शिकत राहिल्या. त्यांच्या हाताखाली घडलेल्या आपणा सर्वांना ही हकिकत ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी, गोदूबाईंशी, पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला; पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला. मग जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका टपालाने त्यांच्या हाती आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तसेच विद्यापीठ भारतात व्हावे, असा विचार मांडला. १९१६ साली ते सुरू झाले. डॉ. रा. गो. भांडारकर पहिले कुलपती झाले. महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच!

कल्पना जपानची, पण अट इथली: शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय म्हणून. मुलींना परकी भाषा शिकण्यात वर्षे घालवावी लागू नयेत, हा अण्णांचा आग्रह. वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम शिक्षण, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. पण ज्या घरांतून मुलगी एरवी बाहेरच पडली नसती, त्या घरांची दारे या वाटेने उघडली.

पैसा लोकांकडूनच उभा राहिला. हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामे करून त्यांनी दिवस काढले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानला जाऊन ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि १९२० साली १५ लाखांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला मिळाले. अण्णा स्वतः १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान असा तो प्रवास होता. पुढे पत्नीसह ते आफ्रिकेतही गेले. जिथे जातील तिथे विद्यापीठाची माहिती सांगायची आणि मदत मागायची, हा क्रम.

सन्मान उशिरा आले. बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ साली अण्णांना सन्माननीय पदवी दिली. १९५१ साली महिला विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला आणि लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले.

या मानकऱ्यांच्या यादीत पहिल्या पाच विद्यार्थिनींची नावे सहसा नसतात. पदवी सरकारदरबारी चालेल की नाही, हे ठाऊक नसताना त्यांनी प्रवेश घेतला. अण्णांनी हिंमत केली खरी. पण त्या हिंमतीवर आपली उमेदीची वर्षे लावली ती या मुलींनी. आपल्या बाईही त्याच वाटेने आल्या, आणि आपल्यापर्यंत पोहोचल्या.