विधी नियतकालिकांतील लेखन (महाराष्ट्र)

विधी नियतकालिकांतील लेखन म्हणजे वकील, न्यायाधीश किंवा विधी अभ्यासक यांनी कायद्यातील एखाद्या प्रश्नाची चिकित्सा करणारा लेख व्यावसायिक नियतकालिकाकडे प्रकाशनार्थ पाठविणे होय. महाराष्ट्रात ही परंपरा प्रामुख्याने मुंबई व नागपूर येथून प्रसिद्ध होणाऱ्या न्यायनिर्णय संग्रहांच्या आश्रयाने वाढली. असा लेख न्यायालयावर बंधनकारक नसतो. तथापि ज्या मुद्द्यावर वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय उपलब्ध नाही, तेथे तो युक्तिवादाला पूरक ठरू शकतो.

इतिहास

इंडियन लॉ रिपोर्ट्स अधिनियम, १८७५ नंतर उच्च न्यायालयांच्या निर्णयांचे अधिकृत संग्रह निघू लागले. त्याच्या जोडीला खासगी संग्रह आले. रतनलाल रणछोडदास व धीरजलाल ठाकोर यांनी १८९९ मध्ये मुंबईत 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' सुरू केला. नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे खंड १९१४ पासूनचे आहेत, व्ही. व्ही. चितळे यांचे नाव या संस्थेशी निगडित आहे. या दोन्ही संग्रहांत लेखांसाठी 'जर्नल' नावाचा स्वतंत्र विभाग असून त्याचे पृष्ठक्रमांक निर्णयांपासून वेगळे असतात. म्हणून लेखाचा निर्देश करताना वर्षासोबत 'जर्नल' हा शब्दही लिहिला जातो. दिल्लीतील इंडियन लॉ इन्स्टिट्यूट या संस्थेची स्थापना १९५६ मध्ये झाली व १९५८ पासून तिचे संशोधनपर नियतकालिक निघू लागले.

भाषा आणि तालुका न्यायालये

महाराष्ट्र शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते आणि प्रमुख विधी नियतकालिकेही इंग्रजीतच निघतात. त्यामुळे ज्या वकिलाचा अनुभव मराठीतला, त्याला लेख परक्या भाषेत मांडावा लागतो. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावातील जमिनीचा दिवाणी वाद खालच्या न्यायालयांतून पुढे १९८१ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाकडे जातो.

बीड जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० यासारखे कायदे येथे लागू झाले, जे पश्चिम महाराष्ट्रात नव्हते. अशा कायद्यांच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीची माहिती मराठवाड्यातील वकिलांना सर्वाधिक असते. ती लेखबद्ध झाली नाही, तर मौखिक परंपरेतच राहते. कूळ, वहिवाट, फेरफार, सातबारा हे शब्द केवळ भाषांतराने कळत नाहीत. लेखात ते मूळ रूपात ठेवून प्रथम उल्लेखाच्या वेळी त्यांचा अर्थ द्यावा लागतो.

व्यावसायिक आचाराची बंधने

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांपैकी नियम ३६ वकिलास जाहिरात करण्यास, तसेच स्वतः चालविलेल्या खटल्यांविषयी वृत्तपत्रांत मजकूर प्रसिद्ध करविण्यास मनाई करतो. नियम ५१ मात्र जाहिरातीच्या व पूर्णवेळ नोकरीच्या निर्बंधांच्या अधीन राहून पत्रकारिता, व्याख्याने व अध्यापन यांस मुभा देतो. यामुळे लेखकाचा परिचय त्रोटक ठेवणे व स्वतःच्या यशाचे वर्णन टाळणे इष्ट मानले जाते.

पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली माहिती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ अन्वये संरक्षित आहे. पक्षकाराच्या संमतीशिवाय ती लेखात उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख प्रकट करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये सामान्यतः दंडनीय आहे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ५ अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणावरील रास्त टीकेस संरक्षण देते. प्रलंबित प्रकरणाला ते लागू होत नाही. म्हणून अशा प्रकरणावर लिहिताना विशेष सावधगिरी आवश्यक असते.

प्रताधिकार

न्यायनिर्णयाचा मूळ मजकूर सामान्यतः कोणालाही पुनर्मुद्रित करता येतो. प्रकाशकाने लिहिलेल्या शीर्षटिपांची स्थिती वेगळी आहे. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये संपादकीय परिश्रम व निर्णयशक्ती वापरून तयार केलेल्या शीर्षटिपांना प्रताधिकाराचे संरक्षण मान्य केले. परिणामी लेखात शीर्षटीप उतरवून न घेता निर्णयाचा संबंधित परिच्छेद उद्धृत करावा लागतो. शीर्षटीप हा निर्णयाचा भाग नसल्याने तसे करणे अचूकतेच्या दृष्टीनेही योग्य ठरते.

लेख सादर करण्याची पद्धती

लेख एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठविण्याचा प्रघात आहे. वकिलांसाठीच्या नियतकालिकांत निवड बहुधा संपादक करतात; संशोधनपर नियतकालिकांत लेखकाचे नाव झाकून तज्ज्ञांकडून परीक्षण होते. निर्णयांचे संदर्भ संबंधित नियतकालिकाच्या शैलीनुसार द्यावे लागतात. २०२३ पासून न्यायालये निर्णयांना प्रकाशकनिरपेक्ष क्रमांकही देत असल्याने महागडे संग्रह जवळ नसलेल्या तालुक्याच्या वकिलासही निर्णयाचा अचूक निर्देश करणे शक्य झाले आहे.

शुल्क घेऊन परीक्षणाविना लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा प्रश्न विधी क्षेत्रातही आहे. दर्जेदार नियतकालिकांची विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे नियतकालिकाचे संपादक मंडळ, जुने अंक व परीक्षणाची पद्धत पडताळून पाहण्याची जबाबदारी आता अधिक प्रमाणात लेखकावर व त्याच्या संस्थेवर आली आहे.